गांजाचा कैवार आणि स्वातंत्र्याचा युक्तिवाद

वसईचा आणि भांगेचा संबंध सांगू लागलो तर पुष्कळ वाचकांस ती थट्टा वाटेल. परंतु तो संबंध ग्रंथांतरी नमूद आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने सन १५३४ च्या डिसेंबरात वसई व तिच्या भोवतालचा मुलूख तहाने पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. या सुलतानाविषयी एक आख्यायिका गार्सिया द ओर्ता नामक पोर्तुगीज वैद्याने लिहून ठेविली आहे. ओर्ताचा ग्रंथ हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांविषयी असून संवादरूपाने लिहिलेला आहे, व तो सन १५६३ मध्ये गोव्यास छापला गेला. त्यातील एक संवाद भांगेवर आहे. सुलतान आपल्या मर्जीतील मार्तिम अफोन्सो द सोझा या सरदारास सांगत असे की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान वा अरबस्थान पाहून यावे असे मनात आले म्हणजे आपण थोडीशी भांग घेतो. एवढ्याने प्रवास घडतो. त्याच संवादात ओर्ता आपल्या चाकरांचीही साक्ष काढतो. ते धन्याच्या नकळत भांग घेत, आणि तिने कामाचा शीण वाटत नाही, मन उल्हसित राहते व भूक लागते, असे सांगत.

सुलतान जग पाहण्यासाठी घेतो, चाकर श्रम विसरण्यासाठी. एकाच्या व्यसनाची आख्यायिका होते, दुसऱ्याच्या व्यसनाची चौकशी होते. हा भेद चारशे साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकात जसा दिसतो तसाच आजच्या कायद्यातही दिसतो, हे पुढे येईलच.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास कारण असे की, गेल्या दहा-बारा वर्षांत गांजावरील बंदी उठवावी असे म्हणणारा एक पक्ष आपल्या सुशिक्षितांत उभा राहिला आहे. सन २०१६ मध्ये लोकसभेच्या एका सभासदाने त्या दिशेचे खाजगी विधेयक तयार केले. सन २०१९ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात बंदीविरुद्ध अर्ज दाखल झाला. सन २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने इतर पिकांस भाव मिळत नाही म्हणून गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. या पक्षाचे लेख वाचताना एक वाक्य वारंवार भेटते : मी माझ्या घरात काय घ्यावे, हे ठरविणारे सरकार कोण? प्रस्तुत लेखात आम्हांस तपासावयाचे आहे ते हे वाक्य. गांजा चांगला की वाईट याचा निवाडा आम्ही करीत नाही. तो वाईट आहे असे समजूनच आम्ही पुढे चालतो, आणि तसे समजल्याने या वाक्याचे बळ कमी होते की वाढते, एवढेच पाहतो. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी या पदार्थाचे नावही निघत नसेल. पण जे आपल्यास नको आहे त्याविषयीच स्वातंत्र्याच्या तत्त्वाची खरी कसोटी लागते. जे आपल्यास हवे आहे त्याचे स्वातंत्र्य सर्वांनाच मान्य असते.

या पक्षाच्या वाङ्मयातील सर्वांत सुंदर लेख त्याच्या अनुयायांपैकी कोणीही लिहिलेला नाही. तो एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिला आहे. मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियरचे संपादक जेम्स क्याम्बेल यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. सन १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे भाग, ज्यांत वसईचा किल्ला, बंदरे, कोळी, भंडारी, ख्रिस्ती शेतकरी या सर्वांची माहिती आहे, ते यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाले. पुढे हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस व भांग यांच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये आयोग नेमला, तेव्हा क्याम्बेल यांनी त्या आयोगापुढे भांगेच्या धर्मासंबंधी एक टिपण ठेविले. शंकराला ही वनस्पती कशी प्रिय, तिच्या पानांत रक्षक देवतेचा वास कसा मानला जातो, यात्रेकरू, बैरागी व फकीर यांना तिचा आधार कसा वाटतो, हे त्यांनी इतक्या आस्थेने वर्णिले आहे की, लेखणी करवसुली खात्याच्या अधिकाऱ्याची आहे याचा वाचकास विसर पडतो. अशा पवित्र वनस्पतीवर बंदी घातल्यास लोकांना मोठे दुःख होईल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आज बंदीविरोधी लेखकांपैकी प्रत्येकजण या टिपणातून उतारे घेतो. आमच्या मते यात त्यांची मोठी फसगत होते. क्याम्बेल यांचा युक्तिवाद स्वातंत्र्याचा नाही. तो रूढीचा आहे. समाज एखादी गोष्ट पवित्र मानतो म्हणून सरकारने तिला हात लावू नये, असे त्यात म्हटले आहे. मग जो समाज तिला पवित्र मानीत नाही त्याचे काय? वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. तेथील पुष्कळ कोळी ख्रिस्ती आहेत, काही हिंदू आहेत. खाडीच्या मुखाशी दोघांच्याही होड्या एकाच पाण्यात उभ्या असतात, दोघांचेही बोंबील एकाच वाऱ्यावर वाळतात. शिवरात्रीचा आधार घेऊन एकाला भांगेची मोकळीक आणि तो आधार नाही म्हणून दुसऱ्याला मनाई, असा न्याय क्याम्बेल यांच्या टिपणातून निघतो. धर्मस्वातंत्र्य म्हणून त्याचा विचार होऊ शकेल. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणून तो टिकत नाही. व्यक्तीला जे स्वातंत्र्य आहे ते तिच्या कुलदैवतावर अवलंबून असता कामा नये. (जाता जाता सांगण्यासारखे हे की, दर्यावर्दी कोळ्याच्या तोंडी भांग हा शब्द प्रथम येतो तो अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मंद भरतीचे नाव म्हणून. उधाण आणि भांग ही जोडी त्याच्या पोटापाण्याशी निगडित आहे. पेल्यातल्या भांगेचे स्थान त्यानंतरचे.)

खुद्द आयोगाचा अहवाल हा दुसरा आधारग्रंथ. सन १८९३ च्या मार्चात बंगालातील गांजाविषयी विलायतेच्या लोकसभेत प्रश्न निघाला व त्यातून ही चौकशी उद्भवली. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि १८९४ मध्ये सात भागांत अहवाल सादर केला. मुंबई इलाख्यातील लागवड तेव्हा मुख्यतः नगर जिल्ह्यात होत असे, तिचीही हकीकत त्यात आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी आयोगाने ज्या चिकाटीने तपासल्या, ती चिकाटी पाहून आजच्या संशोधकानेही मान लववावी. इस्पितळांच्या दप्तरांत वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव सर्रास लिहिलेले असे. रोग्यास आणणाऱ्या शिपायाने सांगितले, कारकुनाने लिहिले, डॉक्टराने तेच पुढे चालविले, असा तो प्रकार होता. सन १८९२ मध्ये दाखल झालेल्या तेराशेंहून अधिक रोग्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे हे कारण मांडलेले होते. एकेकाची मुळातून चौकशी केली तेव्हा ती संख्या शंभराच्या आत आली, आणि त्यांतही काहींच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली निघाली. माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, व संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असा आयोगाने निर्णय दिला. त्याच्या तीन एतद्देशीय सभासदांपैकी दोघांनी मात्र भिन्नमताच्या पत्रिका जोडल्या. ही गोष्ट अहवालाचे गोडवे गाणारे लेखक बहुधा सांगत नाहीत.

अहवाल उत्तम आहे. पण स्वातंत्र्याच्या वकिलाने त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. गांजा निरुपद्रवी आहे म्हणून तो मोकळा असावा, असे म्हणणे म्हणजे स्वातंत्र्याची किल्ली वैद्याच्या हाती देणे होय. उद्या वैद्याचे मत फिरले म्हणजे स्वातंत्र्यही फिरले. आणि वैद्याचे मत काही अंशी फिरलेही आहे. पौगंडावस्थेपासून नित्य सेवन करणाऱ्यांत, विशेषतः हल्लीच्या तीव्र जातींच्या सेवनाने, मनोविकाराचा संभव वाढतो असे आजचे वैद्यक सांगते. आयोगापुढे असला तीव्र माल नव्हता. भारत सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे, वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी, व त्यांपैकी ज्यांना मदतीची गरज आहे अशांची सुमारे ७२ लक्ष निघाली. मद्य घेणारे त्याच पाहणीत सुमारे १६ कोटी होते व मदतीची गरज असलेले ५.७ कोटी. दारू अधिक घातक, मग गांजालाच शिक्षा का, असा प्रश्न या आकड्यांवरून विचारता येतो व तो योग्यही आहे. पण तो समतेचा प्रश्न झाला; त्याचे उत्तर दारूही बंद करा असेही देता येते, आणि आपल्या राज्यात ते एकदा दिलेही गेले आहे.

गांजापासून औषधे होतात, सरकारास महसूल मिळेल, शेतकऱ्यास नगदी पीक लाभेल, हे बाकीचे युक्तिवाद तर स्वातंत्र्यापासून फारच दूर आहेत. रोग्याची सोय दाखला देऊन करता येते. महसूल हा सरकारचा लाभ, व्यक्तीचा हक्क नव्हे. असे पाच-सहा वेगळे विचार एका मोळीत बांधून त्यावर स्वातंत्र्याची चिठ्ठी लावलेली असते. मोळी मोठी दिसते, पण काठ्या एकमेकींना आधार देत नाहीत.

मग शुद्ध स्वातंत्र्याचा युक्तिवाद कोणता? तो ज्या ग्रंथात मांडला आहे तो जॉन स्टुअर्ट मिल यांचा १८५९ चा स्वातंत्र्यावरील निबंध. आगरकरांच्या पिढीवर या ग्रंथकाराचा केवढा प्रभाव होता हे मराठी वाचकांस सांगावयास नको. दुसऱ्यास होणारी इजा टाळणे एवढ्याच कारणासाठी समाजाने व्यक्तीवर बळजबरी करावी. तिच्या स्वतःच्या हितासाठी उपदेश करावा, विनवणी करावी, पण दंड करू नये, हे मिल यांचे सूत्र प्रसिद्ध आहे. मादक पदार्थांचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. अमेरिकेतील मेन संस्थानाची दारूबंदी त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि तिचा त्यांनी निषेध केला. चीनमध्ये अफूची आयात बंद करणे यालाही, विकत घेणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून, त्यांनी हरकत घेतली. त्या अफूचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या कचेरीत मिल यांनी पस्तीस वर्षे नोकरी केली होती, हे वाचकाने विसरू नये. आम्हीही विसरत नाही. परंतु लेखकाच्या पगारावरून त्याच्या सिद्धांताचे मोल ठरवीत बसलो तर ग्रंथालयांत फारच थोडी पुस्तके उरतील.

अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. आपले सूत्र ज्या समाजांनी अद्याप प्रौढत्व गाठलेले नाही त्यांना लागू नाही, असे मिल यांनी आरंभीच सांगून टाकले आहे. आणि त्या समाजांत आपली गणना होती यात शंका नाही. म्हणजे मेनमधील मनुष्याने दारू प्यावी की नाही हे त्याने ठरवावे, आणि वसईच्या भंडाऱ्याने ताडी काढावी की नाही हे कलेक्टरने ठरवावे! घडलेही तसेच. सन १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी काढण्याच्या जुन्या वहिवाटीवर झाडामागे करांचे ओझे वाढत गेले. सन १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांचा साठा व व्यापार यांवर निर्बंध आले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा २०१४ चा. घरगुती गाळणी बंद झाली आणि ठेकेदाराचे दुकान उघडले. या सर्वांस नीतीचा मुलामा होता, पण हिशेब तिजोरीचा होता. मिल यांनी एके ठिकाणी म्हटले आहे की, केवळ पदार्थ दुर्मिळ व्हावा म्हणून बसविलेला कर म्हणजे ज्याला ती वाढीव किंमत परवडत नाही त्याच्यापुरती बंदीच होय. ठाणे जिल्ह्याच्या अबकारीला हे वाक्य जितके लागू पडते तितके ते विलायतेतील कोणत्याही करास पडत नसेल. सन २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. ती दारूबंदीने मेली असे म्हणता येणार नाही, कारण मुंबईत दारूची दुकाने उघडी होती. त्या दुकानांतील किंमत ज्यांना झेपत नव्हती ती माणसे मेली.

तेव्हा मिल यांचा अपवाद टाकून सूत्र तेवढे घ्यावे, असे आम्हांस वाटते. आणि असे करणारा एक मराठी मनुष्य होऊन गेला आहे, ज्याचे नाव गांजाच्या कैवाऱ्यांच्या लेखांत आम्हांस कोठेच आढळले नाही. कोल्हापूरचे प्रतिनिधी म्हणून घटनासमितीत बसणारे प्राध्यापक बाळासाहेब खर्डेकर यांनी २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीच्या कलमास विरोध करणारे भाषण केले. मादक पेये व आरोग्यास अपायकारक अशी मादक द्रव्ये यांचे सेवन, औषधाखेरीज, बंद करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे ते कलम. आज ते राज्यघटनेत ४७ वे आहे. चोहोकडे गांधीजींच्या स्मृतीचे वातावरण असता, त्यांच्या निधनास वर्षही झाले नसता, या गृहस्थाने उभे राहून व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला आणि त्यासाठी लास्की यांचा आधार घेतला. महसुलाच्या हानीविषयीही ते बोलले. पण भाषणाचा गाभा असा की, मनुष्याच्या व्यक्तित्वाचा विकास त्याच्या स्वतःच्या निवडीतून होतो, आणि निवड काढून घेतली की सद्गुणही उरत नाही. त्याच दिवशी जयपालसिंग यांनी आदिवासींच्या तांदळाच्या दारूची बाजू मांडली. डॉक्टर आंबेडकरांनी दोघांना उत्तर दिले ते कायदेपंडिताचे : हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते अमुक काळी अमलात आणलेच पाहिजे असे बंधन राज्यावर नाही. कलम मंजूर झाले.

खर्डेकरांचे भाषण आम्ही सरस मानतो याचे कारण त्यात दारूची स्तुती नाही. दारू निरुपद्रवी आहे असे ते म्हणत नाहीत, ती देवास प्रिय आहे असेही म्हणत नाहीत. अनिष्ट गोष्ट नाकारण्याचा मान मनुष्यास मिळावा, असे त्यांचे म्हणणे आहे. सन २०१५ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने गांजाविषयी निर्णय दिला तो व्यक्तित्वाच्या मुक्त विकासाचा हक्क या पायावर. त्या न्यायाधीशांना कोल्हापूरच्या प्राध्यापकाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला ते ठाऊक नसण्यास मात्र सबब नाही.

येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या ओठांवर एक आक्षेप आला असेल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मराठी घरात व्यक्ती एकटी असते कोठे? जोतीराव फुल्यांनी पुण्यात दारूची दुकाने वाढू देण्यास विरोध केला, टिळकांनी १९०८ मध्ये पुण्याच्या मद्यपाननिषेधाच्या चळवळीस पाठबळ दिले. परस्परांपासून इतक्या दूरच्या या दोन पुरुषांचे एकमत झाले ते काय उगीच? १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ने तर हा आक्षेप घरोघर पोचविला. पेला सुधाकराच्या ओठाला लागतो आणि प्राण सिंधूचा जातो; मग ही केवळ स्वतःपुरती कृती कशी?

आक्षेप खरा आहे, पण तो कोठवर नेतो ते पाहिले पाहिजे. सिंधूवर जो अन्याय होतो तो उपासमारीचा, मारहाणीचा, मुलाच्या हानीचा. या प्रत्येक गोष्टीस कायदा आहे आणि असावाच. नवरा शुद्धीवर असो वा नसो. मिल यांनीही हेच म्हटले आहे : नशेत एकदा हिंसा केलेल्या मनुष्यावर खास निर्बंध घालण्यास त्यांची हरकत नाही, कुटुंबाचे पोषण न करणाऱ्यास शासन करण्यासही नाही. शासन कर्तव्यच्युतीबद्दल व्हावे, पेल्याबद्दल नव्हे. आणि गडकऱ्यांचे नाटक पुन्हा वाचणारास आणखी एक गोष्ट दिसेल. त्यात सुधाकराच्या सनदेवर गदा येते ती त्याला पेल्यापासून दूर नेत नाही, पेल्याकडेच लोटते. प्रतिष्ठा व पोटाचे साधन हिरावून घेणारी शिक्षा व्यसनी मनुष्यास सुधारीत नाही, हे मद्यपानाविरुद्ध लिहिलेल्या आपल्या सर्वश्रेष्ठ नाटकातच नोंदले गेले आहे. सुधाकराला सहा महिने तुरुंगात घातले असते तर सिंधूच्या चुलीत काय जळले असते?

पाचूबंदरच्या होडीवर हे सूत्र लावून पाहावे. बोंबलाची डोळ समुद्रात भरती-ओहोटीच्या प्रवाहावर लावतात. ती टाकण्याची व ओढण्याची वेळ पाणी ठरविते, माणूस नव्हे. तांडेलाचे डोळे नशेने जड झाले असतील तर खलाशांचा जीव जातो. येथे तांडेलाने आपले स्वातंत्र्य पुढे करू नये; होडीवर चढताना त्याने ते किनाऱ्यावर ठेविलेच पाहिजे, आणि कायद्याने तसे खुशाल म्हणावे. रस्त्यावरील मोटारहाक्यास, गाडीच्या चालकास, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरास तोच नियम. पण तोच तांडेल होडी वर ओढल्यावर, मासळी उतरून बायकोने ती बाजारात नेऊन विकल्यावर, घरखर्चाचे पैसे तिच्या हाती राहिल्यावर, आपल्या ओसरीवर बसून चिलीम ओढील तर कोणाचे काय बिघडते? त्याचे बिघडते. तेवढ्यासाठी शेजाऱ्याने, पाद्र्याने, पंचांनी, मुलीने त्याला बोल लावावा. शिपायाने का यावे?

आपला कायदा नेमका हाच भेद करीत नाही. सन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसते पान त्यात येत नाही, म्हणून भांग त्या कायद्यातून सुटते व राज्यांच्या परवान्यांखाली जाते. एकाच झाडाच्या पानाला परवाना आणि शेंड्याला तुरुंग! सेवन हाच अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एक किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा, वीस किलोहून अधिक ही व्यापारी मात्रा, आणि तेथे शिक्षा दहा ते वीस वर्षे. दुसऱ्यांदा सापडलेल्या आरोपीस काही मात्रांपुढे फाशीच दिली पाहिजे असे एक कलम यात होते. चरसाच्या एका खटल्यात ते मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आले व २०११ मध्ये न्यायालयाने त्यातील सक्ती घटनाबाह्य ठरविली. ही शिक्षा एका झाडाच्या राळेबद्दल होती, हे लक्षात घेतले म्हणजे स्वातंत्र्याचा प्रश्न केवळ चैनी तरुणांचा नाही हे कळते.

आणि तो त्यांचा नाहीच. मुंबईच्या न्यायालयांतील २०१७ व २०१८ या दोन वर्षांच्या दहा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास एका विधिसंस्थेने प्रसिद्ध केला आहे. त्यांतील जवळजवळ सर्व खटले सेवनाचे होते, व्यापाराचे नव्हेत, आणि बहुतेक गांजाचे. पकडला जातो तो पदपथावर, पुलाखाली, धक्क्यावर बसून ओढणारा. ज्याला बंद दार आहे तो क्वचितच. सन १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळीही असेच झाले. डॉक्टरच्या दाखल्यावर आरोग्याचा परवाना मिळे, आणि पांढरपेशा वस्तीत अशक्त माणसांची संख्या एकाएकी वाढली! खलाशाला तो दाखला कोणी द्यावा? बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो कायदा बहुतांशी कायम केला. मादक पेयाची नुसती शिफारस करणे हा अपराध ठरविणारे कलम मात्र भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केले. म्हणजे दारूविषयी बोलण्याचे स्वातंत्र्य त्या निकालाने मिळाले. घरात स्वतःपुरते वागण्याचे स्वातंत्र्य घटनेत आहे काय, हा प्रश्न खाजगीपणाचा हक्क मूलभूत आहे असे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी सांगितल्यावर नव्याने उभा राहिला आहे. अलास्काच्या न्यायालयाने १९७५ मध्ये व दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयाने २०१८ मध्ये याच हक्कावरून प्रौढ माणसाच्या घरातील गांजा गुन्ह्यातून काढला.

इतके बोलून झाल्यावर कैवारी पक्षाशी आमचा जो मतभेद आहे तो सांगणे प्राप्त आहे. सेवनाच्या स्वातंत्र्यातून ते लगेच विक्रीच्या स्वातंत्र्यावर उडी मारतात. कानडाने २०१८ मध्ये केले तसे दुकान, वेष्टन, व्यापारचिन्ह हे सर्व त्यांना हवे असते. व्यापाऱ्याची कृती स्वतःपुरती नसते. गिऱ्हाइकाने अधिक घ्यावे यातच त्याचे हित असते. मिल यांनीही अशा धंद्याविषयी निश्चित मत देताना हात आखडता घेतला आहे. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठविली तेव्हा पुरेसे नियम होण्यापूर्वी दुकाने झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय दाखल्याची अट आणावी लागली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून निराळा मार्ग धरला : प्रौढास मोजकी झाडे, मोजका साठा, नफ्यावाचून चालणारी मंडळे; खुले दुकान नाही. आम्हांस हा मार्ग तत्त्वाशी अधिक जुळणारा दिसतो. वीस वर्षांखालील मुलांच्या हाती हा पदार्थ पोचविणाऱ्यास आजच्याइतकीच कठोर शिक्षा राहावी, याविषयी तर वाद नसावा. राष्ट्रसंघाच्या अमली द्रव्य आयोगाने २०२० च्या डिसेंबरात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून काढले, व भारताचे मत बहुमताच्या बाजूस पडले. तेव्हा जगाचे बंधन आहे ही सबबही पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही.

१९८५ च्या कायद्यात एक खिडकी उघडी ठेविलेली आहे. अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी मनुष्य स्वखुशीने उपचार घेण्यास तयार असेल तर त्याच्यावरील खटला चालू नये, अशी सवलत ६४-अ या कलमात आहे. सवलत दयेची आहे, आणि ती व्यसनी मनुष्यासाठीच आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, होडी किनाऱ्याला लागल्यावर, सोबत्यांत बसून चिलीम ओढणारा कोळी व्यसनी नाही. सुटका व्हावी अशी त्याची इच्छा असेल तर जे तो नाही ते आपण आहोत असे त्याने न्यायालयात लिहून द्यावे लागेल. आणि खरे बोलून, आपण व्यसनी नाही, केव्हातरी मर्जीने घेतो, असे सांगितले तर तुरुंगाचे कलम त्याच्यासाठी तसेच्या तसे शिल्लक आहे.